पगारी टीमचा बिनपगारी माणूस

"स्कोअर मग सांग. आधी सांग, पोरांनी खाल्लंय का?"

मैदानात पाऊल टाकल्याबरोबर काकांचा हा पहिला प्रश्न. मग टीम पाच बाद चाळीस असो नाहीतर एक बाद दोनशे. एका हातात घडीची खुर्ची, दुसऱ्या हातात स्टीलचा उभा डबा, डोक्याला पांढरी टोपी आणि पायात ऑफिसचेच काळे बूट. मैदानाच्या टोकाला तो मोठा पांढरा पडदा उभा असतो, त्याच्या डाव्या अंगाला खुर्ची मांडायची आणि ड्रिंक्सच्या वेळी डबा उघडून गुळाच्या दशम्या वाटायच्या. आमचा फास्ट बोलर पेशावरचा. त्याने पहिल्यांदा दशमी खाल्ली तेव्हा विचारलं, "अंकल, ये रोटी है के मिठाई?"

काका म्हणाले, "विकेट ली तो मिठाई. नहीं ली तो रोटी."

तुमच्याही बघण्यात असा एखादा माणूस असेल. त्याला कुणी नेमलेलं नसतं, कुणी बोलावलेलं नसतं, पण तो आला नाही तर मॅच सुरू झाल्यासारखी वाटत नाही.

शारजातल्या अल नहदामध्ये काका आणि आम्ही एकाच टॉवरमध्ये राहतो. त्यांची नोकरी अल कुसैसला, एका कार्गो कंपनीच्या ऑफिसात. त्यांची मुलगी आमच्या कॉलेजात शिकली, पास झाली, लग्न करून कॅनडाला गेली. काका मात्र कॉलेजच्या क्रिकेट टीमपाशीच राहिले. मुलगी एकदा फोनवर म्हणाली, "बाबा, मी तिथे शिकून एक मॅच बघितली नाही. तुम्ही कशाला जाता?" काकांचं उत्तर तयार होतं. "फी कुणी भरली? मी. मग कॉलेज कुणाचं?"

माझं म्हणाल तर मी पुण्यात बीए करताना पत्रकं लिहायला शिकले आणि ती खोड घेऊनच एमबीएला इथे परत आले. इथे भिंतीला साधं पत्रक चिकटवायचं तरी स्टुडंट अफेअर्सचा शिक्का लागतो. मी शिक्का मिळवला आणि लिहिलं. खेळाडूंच्या फोटोंवर कॉलेजची जाहिरात चालते, हायवेवर होर्डिंग लागतं, त्या होर्डिंगवर ॲडमिशन येतात, स्पॉन्सर येतात. उन्हात भाजणाऱ्या मुलांना काय मिळतं? एक टी-शर्ट आणि एक सर्टिफिकेट. मोबदला द्या! त्यातला एक शब्द मी आजही मागे घेणार नाही. 'खेळावर प्रेम म्हणून खेळा' असा उपदेश करणारा प्रत्येक माणूस महिन्याच्या महिन्याला पगार घेत असतो, हे बघून ठेवा.

काकांनी ते पत्रक लिफ्टमध्ये वाचलं. शेवटच्या मजल्यापर्यंत वाचत राहिले, स्वतःचा मजला चुकला.

"इंग्रजी झकास आहे तुझं, पुढारीणबाई. पण एक सांग. पगार सुरू झाला की नोटीस आली, राजीनामा आला, जास्त देईल त्याच्याकडे जाणं आलं. मी जन्मभर नोकरी केली. कंपनी बरी आहे. पण कंपनीसाठी मी कधी शिट्टी मारली नाही."

"काका, तुम्ही मालकाची बाजू घेताय."

"मालकाची कुठे गं? माझीच घेतोय."

मला तेव्हा हसू आलं होतं.

पैसे आले. माझ्या पत्रकामुळे आले असं म्हणायला मी काही मूर्ख नाही. दुसऱ्या एका कॉलेजने द्यायला सुरुवात केली, म्हणून आमच्या कॉलेजने दिले. पण दिले कुणाला ते ऐका. कोचने लॅपटॉपवर व्हिडिओ बघून लाहोर, कोलंबो, जयपूरहून मुलं उचलली. फी माफ, हॉस्टेल, वर महिन्याला तीन हजार दिरहम. "तीन हजार! म्हणजे सत्तर हजार रुपये झाले की गं," काका मोठ्याने म्हणाले. करार एका सीझनचा. खेळलास तर पुढचा.

नव्या सीझनच्या पहिल्याच मॅचला टीमचा मॅनेजर काकांपाशी आला. "अंकल, प्लीज, बॉइज का न्यूट्रिशन प्लॅन होता है अब. बाहर का कुछ नहीं."

काकांनी डब्याचं झाकण लावलं. "बरोबर आहे," मला म्हणाले. "प्रोफेशनल झाली पोरं." आणि दशम्या मैदान सांभाळणाऱ्या माळ्यांना देऊन टाकल्या. पण पुढच्या मॅचलाही डबा आणलाच. माळ्यांसाठी, म्हणाले.

नव्या मुलांची नावं ते चिकाटीने पाठ करायचे. मॅनेजरला दोनदा विचारून, उच्चार बरोबर करून घ्यायचे. आणि पुढच्या सीझनला ती मुलंच नसायची.

"आपला तो डावखुरा कुठे दिसत नाही?"

"दुसरीकडे गेला, काका. त्यांनी पाचशे जास्त दिले."

"अरेरे. आत्ता कुठे मी त्याला नावाने हाक मारायला लागलो होतो."

त्यात राग नव्हता. चप्पल बदलली गेली की माणूस देवळाबाहेर जसा जरा वेळ नुसता उभा राहतो, तसे ते उभे राहिले.

या सगळ्यात एक मुलगा मात्र व्हिडिओ बघून आणलेला नव्हता. ओंकार. आमच्याच टॉवरमध्ये सातव्या मजल्यावर राहायचा. जन्म शारजाचा. विकेटकीपर. शाळेत असल्यापासून काका त्याला बेसमेंटच्या पार्किंगमध्ये टेनिस बॉल टाकायचे, खांबावर आपटून उलटा येईल असा. वॉचमन येऊन "खलास, अंकल, खलास!" म्हणेपर्यंत. नेट प्रॅक्टिसला न्यायचे-आणायचे काकाच. काका गाडीत मराठीत बोलायचे आणि ओंकार इंग्रजीत उत्तरं द्यायचा.

"ओम्या, हेल्मेटचा पट्टा लावत जा."

"काका, रिलॅक्स. इट्स जस्ट प्रॅक्टिस."

"दात पण जस्ट दातच असतात."

आमच्या टीममध्ये तो फुकट खेळत होता. आणि मग त्याच्या वडिलांची नोकरी गेली. इथे राहणाऱ्याला पुढचं सांगावं लागत नाही, पण तुम्हाला सांगते. नोकरी गेली की व्हिसा जातो, आणि बापाच्या व्हिसावर असलेलं सगळं घर जातं. आई-वडिलांनी नाशिकला परतायचं ठरवलं. ओंकार नाशिकला फक्त सुट्टीत गेलेला, तोही कंटाळत. त्याला इथे राहायचं तर एकच वाट होती. कॉलेजने फी माफ करावी आणि स्वतःच्या नावावर त्याचा व्हिसा काढावा. त्या लाहोरच्या, जयपूरच्या मुलांचा काढला होता तसाच.

काका इस्त्रीचा शर्ट घालून स्पोर्ट्स डिपार्टमेंटला गेले. मी बरोबर होते. तिथला साहेब भला माणूस, चहा मागवला. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "अंकल, बजट नए लड़कों के लिए है. ओंकार तो वैसे भी खेल ही रहा है ना?"

म्हणजे बघा. जो बाहेरून येईल त्याला आणायला पैसे. जो आधीपासून जीव टाकतोय त्याला कशाला? तो तर आहेच. टिकून राहिलेल्या माणसाला सगळ्यात स्वस्त धरायचं, हा कुठला न्याय? मी तिथेच भांडायला उठले. काकांनी माझी बाही धरून मला खाली बसवलं आणि साहेबाला म्हणाले, "चाय अच्छी थी."

समोरच्या कॉलेजने सगळं दिलं. फी, हॉस्टेल, व्हिसा, दरमहा पैसे. समोरचं म्हणजे ज्यांच्याशी आमची खुन्नस आहे तेच. ओंकार सांगायला आला तेव्हा मी काकांकडेच होते. काकूंनी पोह्यांची बशी पुढे केली, ती त्याने हातात नुसतीच धरून ठेवली.

"सही केलीस?" काकांनी विचारलं.

"येस, काका."

"वाचून केलीस?"

"मोस्टली."

"मोस्टली म्हणजे काय रे? बरं. खा आता ते."

तो गेल्यावर काका बाल्कनीत गेले. मग मला म्हणाले, "आता मी काय करू सांग. त्याच्या विरुद्ध ओरडू?"

"त्याच्यासाठी ओरडा की! टीमला तुमची पडलीय का? माणूस धरा, टीम सोडा."

"आणि उद्या तो तिसरीकडे गेला की? त्याच्या मागे मागे खुर्ची घेऊन फिरू? मग मी कसला फॅन? मग मी त्याचं लगेज झालो."

पत्रकात अशा प्रश्नाला जागा नसते.

त्या दोन कॉलेजांची मॅच जानेवारीतल्या एका शनिवारी झाली. काका नेहमीच्या जागी, आमच्या कॉलेजचा निळा मफलर गळ्यात. ओंकार समोरून खेळत होता आणि चांगला खेळत होता. त्याच्या चौकारांना काका मान खाली घालून बुटांकडे बघायचे. आमचा बोलर धावायला लागला की मात्र नियमाने ओरडायचे, "शाबास, यल्ला यल्ला, चल चल!" पण तो आवाज शाळेत प्रार्थना म्हणतात तसा होता.

शेवटची ओव्हर. त्यांना चार हव्या होत्या. ओंकारने बॉल लांब मारला, एक धाव झाली, दुसरीसाठी वळला. बॉल त्याच्या पाठीमागे. आमच्या फील्डरने तो उचललाही होता, हे त्याला दिसत नव्हतं. काकांना दिसलं. खुर्ची उलटली आणि काका ओरडले. तो आवाज मी त्याआधी आणि त्यानंतर कधी ऐकला नाही.

"ओम्या, माघारी! मागे फिर!"

ओंकारने वळूनसुद्धा पाहिलं नाही. जसा होता तसा मागे फिरला, अंग झोकून दिलं, बॅट रेषेच्या आत टेकवली. आणखी पाऊलभर पुढे गेला असता तर आउट होता. पुढच्या बॉलला जोडीदाराने एक धाव काढून स्ट्राइक त्याला दिली, आणि त्याने चौकार मारला. मॅच त्यांची.

त्या मैदानावर मराठी कळणारे आम्ही तिघंच. आमच्या पोरांना वाटलं, काका आपल्याच फील्डरला ओरडले. एकाने तर त्यांची पाठ थोपटली, "क्या आवाज़ है, अंकल! थोडा और पहले बोलते ना!"

काका उभेच होते. मफलर काढून त्याची घडी घालत होते.

हेल्मेट हातात घेऊन ओंकार पळत आला. त्याला बोलायचं होतं, ते तोंडावर दिसत होतं. "काका, यू..."

"जा," काका म्हणाले. "तुमची बस लागलीय."

तुमची. ओंकार हेल्मेट घेऊन बसकडे वळला.

परत येताना गाडीत, अल नहदाच्या सिग्नलला काका म्हणाले, "मॅच मी घालवली."

"काहीतरीच काय, काका?"

"बोलरने त्याचं काम केलं. फील्डरने केलं. ओम्याने पण केलं. नाही केलं ते फक्त मी."

मला संताप आला. "तुमचं काम? तुम्हाला कोण पगार देतं हो?"

"तेच ना. पगार असता तर त्यातनं कापून घेतलं असतं, विषय खलास. आता कशातनं कापायचं?"

सिग्नल हिरवा झाला. मागून हॉर्न वाजले तेव्हा त्यांनी गाडी काढली.

त्यानंतर काका मॅचला आले नाहीत. कोच दुप्पट पैशांवर दुसऱ्या कॉलेजात गेला, त्याला झोप लागते. साहेब तसाच आहे, चहा तसाच चांगला पाजतो. सही करणारे, सोडणारे, विकत घेणारे, सगळे मजेत. गद्दार कोण समजतंय स्वतःला? तर ज्याला कुणी एक दिरहम दिला नाही तो. मी खेळाडूंच्या पैशांच्या विरुद्ध नाही, पुन्हा सांगते. ओंकार त्या पैशांमुळे या देशात आहे. पण हिशेबात न धरलेला एक माणूस त्यात भरडला गेला, आणि त्याच्या वतीने कुठली मागणी लिहायची ते मला अजून सुचलेलं नाही.

दोनदा मी त्यांना बोलवायला गेले. "येऊ की. इन्शाल्ला," म्हणाले. इथे वाढलेल्याला कळतं, इतक्या हळू म्हटलेल्या इन्शाल्लाचा, 'देवाची मर्जी असेल तर'चा, अर्थ 'नाही' असाच असतो. काकू दारापर्यंत आल्या आणि पुटपुटल्या, "टीव्हीवर मॅच लागली तरी आत निघून जातात गं."

या सीझनला पुन्हा तीच मॅच होती. मी गेले. बघायला माणसंच नव्हती. आमच्या टीममध्ये ओळखीचा एक चेहरा नाही, येणार कोण? म्हणून मार्केटिंगवाल्यांनी ढोलवाले आणले होते. भाड्याचे, तासावर. सगळ्यांना निळे टी-शर्ट, पाठीवर स्पॉन्सरचं नाव. उभे कुठे केले, तर पांढऱ्या पडद्याच्या डावीकडे, सावलीला. त्यातल्या एकाने मला विचारलं, "दीदी, ये कितने बजे छूटेगा?"

वाजवत मात्र छान होते, खोटं का बोलू?

मग समोरून ओंकार बॅटिंगला आला. गार्ड घेतला. आणि सरळ त्या पडद्याच्या डावीकडे बघितलं. गरजेपेक्षा जास्त वेळ बघत राहिला. बोलर थांबला, अंपायरने घड्याळ पाहिलं. ढोलवाल्या पोराला वाटलं, आपल्यालाच बघतोय. त्याला बिचाऱ्याला आनंद झाला. त्याने ढोलावर जोरात थाप मारली, पाठोपाठ बाकीचे सुरू झाले.

सुपरवायझर हात हलवत मैदानाच्या कडेने धावत आला.

"अरे रुक, रुक! किसके लिए बजा रहा है? वो अपना नहीं है!"