बोडकीवरचा धूर

तलाव होण्याआधी बोडकी टेकडी गावाला चिकटून होती. धरणाचं पाणी चढलं, तिची लांब सोंड बुडाली आणि पाण्यात उरला नुसता काळा माथा. तेव्हापासून तिथं कुणाचं पाऊल पडलं नव्हतं. भूकंपानंतर मात्र त्या माथ्यावरून धूर निघू लागला. झालं, धरणीच्या पोटातली आग आता तिथूनच फुटणार, असं गावानं ठरवून टाकलं. राईचा पर्वत करणं आमच्या गावाला नवं नव्हतं. इथं तर पर्वत आयताच होता. निम्म्या लोकांनी बोचकी बांधली.

मल्लम्माची भीती वेगळी होती. भूकंपात घराचं मातीचं माळवद कोसळून तिचा थोरला मुलगा गेला. तेव्हापासून नवरा संगप्पा भूकंपानंतर राहायला मिळालेल्या पत्र्याच्या शेडमध्येही पाऊल टाकत नव्हता, आणि आता तर त्याचा पत्ताच नव्हता. लोक म्हणाले, तलावात गेला असेल. तिला वाटे, जिवंत असला तर उघड्यावरच कुठंतरी असेल, कदाचित त्या बोडकीवरही.

तापानं फणफणलेल्या दीपालीला, धाकट्या लेकीला, शेजारणीच्या भरवशावर शेडमध्ये निजवून तिनं पंढरीला, आपल्या दिराला, गळ घातली. गूळ करायची जुनी काहिल पाण्यात लोटून, फळीनं पाणी मारत त्यानं तिला टेकडीला नेऊन लावलं. स्वतः मात्र काहिलीतून खाली उतरला नाही.

नवी नवरी असताना ती इथं शेळ्या चारायची. आता ओळखीची वाटच उरली नव्हती. लाटांनी मुरूम कोरून कडा केला होता, आणि पाण्याला भिऊन वर चढलेल्या सापांच्या काती जागोजागी पडल्या होत्या. प्रत्येक भेगेवर मल्लम्मा आधी तळहात धरायची, गरम लागतंय का बघायची, मगच पाय टाकायची.

माथ्यावर तीन दगडांची धुमसती चूल होती आणि चुलीशी पोहून आलेला संगप्पा. शेजारी परातीत तांब्या तोल साधून उलटा उभा केलेला. जमीन हलली की पडून वाजावा, म्हणून तेव्हा घरोघरी तसा ठेवत. मल्लम्माला रागानं आणि आनंदानं रडूच फुटलं. तिनं विनवलं, पोरीची शपथ घातली. तो जागचा हलला नाही.

“हितं डोक्यावर पडंल असं काईच न्हाई,” तो म्हणाला. “मी न्हाई यायचो. मला लई भ्या वाटतंय.”

भ्यालेली तर तीही होती.

तेवढ्यात तांब्या वाजला. पायाखालून गुरगुर गेली. टेकडीवर काही पडलं नाही. पडायला होतं काय? पण पाण्यापलीकडून सगळ्या गावाची किंकाळी आली.

“दीपाली कुठं हाय?” संगप्पानं विचारलं.

“शेडमदी. तापलीय लई.”

तो कडा कसा उतरला ते तिला कळलंच नाही. ती खाली आली तेव्हा तो काहिलीत बसून पंढरीच्या हातातली फळी ओढून घेत होता.

काठ लागताच तो पळत सुटला. मल्लम्मा धापा टाकत मागून पोचली, तर दीपाली बाहेरच शेजारणीला बिलगून सुखरूप उभी. आणि आत, पत्र्याखाली, संगप्पा एकेक वाकळ उलटत तिला हाका मारत होता. त्याला बाहेर बोलवायचं सोडून मल्लम्माच पोरीचा हात धरून आत गेली.