गालाला विचारून घेतलेला पॅड

तो दुकानात आला की आधी डोळे मिटायचा. मग काउंटरवरचा फोमचा पॅड उचलून गालाला लावायचा, तापलेल्या पोराचं कपाळ आपण गालाला लावून बघतो तसा. पाच-सात सेकंद तसाच उभा राही. मग डोळे उघडून म्हणे, "ह्यो चालंल, अक्का."

आमचं दुकान तळवड्याला. गाड्यांना रंग मारणाऱ्यांना आणि पॉलिश करणाऱ्यांना लागणारं सगळं आम्ही ठेवतो: पॉलिश पेपर, चिकटपट्ट्या, डब्यातली क्रीम आणि मशीनला लावायचे फोमचे पॅड. हे पॅड दिसायला भाकरीएवढे गोल आणि रंगीत. कडक पॅड ओरखडे घासून काढतो, मऊ पॅड चमक आणतो. एवढं ज्ञान मिळाल्यावर मी स्वतःला या धंद्यातली पंडिता समजू लागले होते. तेव्हा मी पन्नाशी ओलांडलेली तरुणी होते. आज अडुसष्टाव्या वर्षी त्या बाईकडे बघते तेव्हा तिच्या डोक्यावर एक टपली मारावीशी वाटते.

तो लातूरकडचा. आधी एका कंपनीत गाड्यांच्या रंगकामाला होता, मग स्वतःची मशीन घेऊन सोसायट्यांमधून गाड्या पॉलिश करत फिरू लागला. वयाने माझ्याच आसपासचा, पण मला अक्का म्हणे. मी त्याला भाऊ म्हणे, तोंडावर. पाठीमागे मी त्याला काय म्हणायची ते इथे लिहीत नाही, कारण सूनबाई हे वाचणार आहे.

त्याचा एकच मंत्र होता. "आदी मऊ. भागलं न्हाई तर मंग कडक."

म्हणजे गाडी कितीही खराब असो, तो आधी मऊ पॅड लावून, मागच्या बाजूला कुठेतरी खाली, दिसणार नाही अशा जागी हातभर चौकोन घासून बघे. तेवढ्याने ओरखडे गेले तर सगळी गाडी मऊ पॅडनेच. नाही गेले तरच एक पायरी वर. मी एकदा शहाणपणा शिकवला, "अहो भाऊ, सरळ कडक लावा की. अर्ध्या वेळात मोकळे व्हाल."

"अक्का, रंगाच्या वरचा चमकीचा थर कांद्याच्या सालीवानी आसतुय. घासून गेला का गेला. परत लावता येत न्हाई," तो म्हणाला. "आन् गाडी काय पळून चाललीय का?"

मी हसले. आमचे हे हसले नाहीत. तेव्हाच मला काही कळायला हवं होतं.

अजून दोन-तीन गोष्टी डोळ्यांसमोर होत्या, पण मी बघितल्या नाहीत. वाफाळत्या चहाचा काचेचा ग्लास तो तळहातात घट्ट धरून बसे. मला पदराने धरावा लागे, हा मात्र आरामात. मला वाटे, मर्दानगी दाखवतोय. पिशवीची गाठ तो कधी स्वतः सोडत नसे. "अक्का, तेवढी गाठ सोडा की." मला वाटे, बायकांकडून कामं करून घ्यायची सवय. आणि ते गाल लावणं तर मला शुद्ध नाटक वाटे. बाकीचे सगळे अंगठ्याने दाबून बघत. ह्यालाच काय वेगळा गाल दिलाय देवाने?

तर एका सकाळी मी ठरवलं, या नाटकाचा पडदा पाडायचा.

पॅडच्या बाबतीत एक गंमत आहे. रंगांचा काही नियम नाही. एका कंपनीचा नारिंगी पॅड मऊ असतो, तर दुसरीचा नारिंगी चांगला कडक. दोन्ही आमच्याकडे होते आणि दिसायला जुळे भाऊ. त्या दिवशी त्याने नेहमीप्रमाणे डोळे मिटून मऊ नारिंगी पॅड गालाला लावला, पास केला आणि क्रीम बघायला वळला. मी पिशवीत कडक नारिंगी घातला. गाठही मीच मारली, मोठ्या प्रेमाने.

तो गेला. मी यांना सगळं सांगितलं आणि हसून हसून काउंटरवर डोकं टेकलं. म्हटलं, "बघा, आता त्याला पत्ताही लागणार नाही. उद्या येऊन म्हणेल, अक्का, पॅड एक नंबर होता!"

यांनी पेपर खाली ठेवला. "आज तो कुठे गेलाय माहितीये?"

"कुठे?"

"रावेतला. जुन्या गाड्यांचं यार्ड आहे ना, तिथल्या शेठनं एक काळी गाडी दिलीय, परीक्षेला. चार वाजता शेठ येऊन बघणार. जमली तर यार्डातल्या सगळ्या गाड्या याच्याकडे, बसायला शेडसुद्धा. नाही जमली तर पुन्हा आहेच दारोदार मशीन घेऊन फिरणं. त्याच्या गुडघ्यांकडे बघितलंयस कधी?"

मी नव्हतं बघितलं. मी फक्त गालाकडे बघत होते.

काळ्या रंगाचं तर तुम्हाला सांगायला नको. पांढरी गाडी शंभर पापं पोटात घालते. काळी गाडी एक बोट लागलं तरी उन्हात गावभर सांगत सुटते. तिच्यावर कडक पॅड फिरला तर वर धुरासारखी झाक आणि कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल ओरखडे.

यांनी त्याला फोन लावला, तो उचलेना. मी मऊ पॅड उचलला आणि स्कूटर काढली. माझं स्कूटर चालवणं म्हणजे निगडीच्या चौकात एका सायकलवाल्या आजोबांनी मला मागे टाकलं आणि वर वळून "सावकाश या" म्हणाले. मोबाइल मी दुकानातच विसरले होते. हेल्मेट यांचं होतं, ते सारखं डोळ्यांवर येत होतं. अशा अवस्थेत ही पंडिता रावेतला पोचली.

यार्डात मशीनचा आवाज नव्हता. मला बरं वाटलं, म्हणजे अजून सुरुवात झाली नाही.

सुरुवात झाली होती. गाडीच्या मागे, बंपरजवळ खाली, हातभर चौकोन घासलेला होता आणि तो चौकोन धुरकट झाला होता. शेजारी उलट्या बादलीवर तो बसला होता. मशीनची वायर गुंडाळून ठेवलेली. हातात माझा नारिंगी पॅड.

"भाऊ, काय झालं?"

त्याने मान वर केली. मी तिथे कशी, हेसुद्धा त्याने विचारलं नाही.

"अक्का, गाल बी गेला."

मला कळेना. मग त्याने हात पुढे केले. बोटांची टोकं पांढुरकी, मेणाच्या बोटांसारखी.

"दोन वर्सं झाली. मशीन धरून धरून बोटं झोपली. डाक्टर म्हणला, थरथरीनं झालंय, आता जाग येणं आवघड. मऊ का कडक, गरम का गार, कायसुदिक कळत न्हाई. कुनाला सांगितलं न्हाई. सांगितलं तर गाडीला हात कोन लावू दील?" त्याने पॅड गालाला लावला आणि काढला. "म्हनून गाल धरला. तुमच्या दुकानात ह्येच्याच मऊपनाची गवाही दिली त्यानं. हितं चौकोन धुरकाटला म्हनून परत लावून बगतो तर कडक. एकाच पॅडाला सकाळी मऊ म्हनतोय, दुपारी कडक. ज्याच्यावर भरवसा, त्योच खोटं बोलाया लागला. शेठला सांगून जातो घरी."

चहाचा ग्लास, पिशवीची गाठ, सगळं एकदम माझ्यासमोर येऊन उभं राहिलं. तोपर्यंत आयुष्यात मी बऱ्याच जणांची खोडी काढली होती. पण कुणाच्या अंगातली शेवटची जागी राहिलेली जागा काढून घेतली नव्हती.

"गाल खोटं नाही बोलला हो," मी म्हटलं. "मी बोलले."

सगळं सांगितलं. चांगलं दिसेल असं काहीही न लावता सांगितलं. मला तुमच्यावर हसायचं होतं म्हणून, असंही सांगितलं. मग आता जे काही बोलेल ते ऐकायचं म्हणून हेल्मेट हातात धरून उभी राहिले.

त्याने हातातला पॅड पुन्हा एकदा गालाला लावला. मग म्हणाला, "म्हंजे गाल चालू हाय?"

"चालू आहे."

"नक्की?"

मी आणलेला मऊ पॅड काढला आणि त्याच्या हातातला कडक घेतला. दोन्ही नारिंगी पॅड पाठीमागे नेऊन उलटेपालटे केले. त्याने डोळे मिटले. मी एक त्याच्या गालाला लावला.

"कडक."

दुसरा लावला.

"मऊ."

पुन्हा पाठीमागे नेले. "मऊ." पुन्हा. "आत्ता बी मऊच दिला की अक्का, फसवताव व्हय?" आणि डोळे मिटलेलेच ठेवून तो हसू लागला. मला रडू आलं, पण हेल्मेट मोठं होतं, ते मी घालून टाकलं.

मग तो उठला. धुरकट झालेल्या चौकोनावर मऊ पॅड लावून त्याने हळूहळू चार फेऱ्या मारल्या आणि धूर गेला. "बगा. येवड्यासाठीच कोपऱ्यात आदी बगायचं. बॉनेटवर चालू केलं आसतं तर तुमच्या गमतीचं सोनंच झालं हुतं," एवढं एकच टोचून बोलला, आणि तेही बरोबर होतं. मी उलट्या बादलीवर बसून राहिले. दर थोड्या वेळाने तो मशीन थांबवी आणि पत्रा तापलाय का ते बघायला वाकून काळ्या बॉनेटवर गाल टेकी. कान लावून काही ऐकत असल्यासारखा.

चार वाजता शेठ आला. गाडीभोवती दोन चकरा मारल्या, वाकून पाहिलं, काळ्या दारात स्वतःचे केस सारखे केले आणि म्हणाला, "उद्यापासून या. शेड मोकळी करून देतो." मग माझ्याकडे बघून, "ह्या कोण?"

"अक्का हाईत," तो म्हणाला. "पॅड तपासाया आल्यात."

पुढची सहा-सात वर्षं तो त्या शेडमध्ये बसला. दुकानात त्याचं गुपित मी सांभाळलं. इतर गिऱ्हाइकं असली की मी आधी स्वतःच एक पॅड गालाला लावून म्हणे, "काय बाई मऊ आहे!" म्हणजे त्याचं लावणं कुणाच्या डोळ्यावर येत नसे. लोकांना वाटे, या दुकानाची तशी पद्धतच आहे. आज सूनबाई दुकान बघते, तीही तसंच करते. का, ते तिला माहीत नव्हतं. आता कळेल.

एका दुपारी तो मशीनशिवाय आला. मशीन विकली होती. बोटांची झोप आता मनगटाच्या वर चढली होती, आणि गावी लेकीकडे जायचं ठरलं होतं. त्याने रांगेतला एक नारिंगी पॅड उचलला, डोळे मिटून गालाला लावला.

"बांधू का?" मी विचारलं.

"घ्यायचा न्हाई, अक्का. नुस्तं बगतो." नेहमीपेक्षा बराच वेळ तो तसा उभा राहिला. मग एक डोळा किलकिला करून म्हणाला, "बदलला तर न्हाई ना?"

"नाही हो."

त्याने पॅड होता त्याच जागी, होता तसाच सरळ ठेवला आणि बस गाठायला निघून गेला.

तो कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी थांबले. मग तो पॅड उचलून गालाला लावला. मऊच होता. आणि थोडा कोमट.