गाडी कुणाच्या हाती द्यायची

आम्ही नाशिकरोडहून निघालो तेव्हा आप्पा फलाटावर आले नाहीत. डॉक्टरांनी त्यांना जिने चढायला बंदी केली होती, म्हणून माझे वडील स्टेशनाबाहेर आमच्या मारुतीत पुढच्या सीटवर बसून राहिले. डोक्यावर टोपी, काच खाली, एक हात दारावर. माझा धाकटा भाऊ सुनील बॅगा घेऊन पुढे गेला होता आणि आई माझ्या मुलीच्या खाऊच्या पिशवीला पुन्हा पुन्हा गाठी मारत होती. मी खिडकीशी वाकले. वाटलं, आता काहीतरी बोलतील, पोरीला जप म्हणतील, पोचल्यावर फोन कर म्हणतील. ते म्हणाले, "तू नीघ. गाडीचं मी बघतो." मला रागच आला. बाप लेकीला देशाच्या दुसऱ्या टोकाला लावून देतोय आणि डोक्यात काय, तर मारुती. तशीच धुसफुसत मी जिना चढले. त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही.

ही दोन हजार सालानंतरच्या एक-दोन वर्षांतली गोष्ट. माझ्या नवऱ्याची बदली गुवाहाटीला झाली आणि हे तिकडे दोन महिने आधीच गेले. मी आणि मुलगी तोवर मखमलाबादला, माहेरच्या मळ्यात. तुमच्यापैकी जे बदल्यांच्या नोकरीत फिरलेत त्यांना हे मधले महिने ठाऊक असतील. संसार खोक्यांत बांधलेला, शाळेचा दाखला काढलेला, आणि आपण ना इथले ना तिथले. खोकी रेल्वेने गेली. राहता राहिली मारुती. हिला कुणाच्या हाती द्यायचं, हे ठरत नव्हतं.

हे फोनवर म्हणाले, विकून टाक, इथे दुसरी बघू. व्यवहाराला धरून तेच बरोबर होतं. मी आप्पांना तसं सांगितलं तर ते जेवता जेवता थांबले. नव्वदच्या दशकात आम्ही ही गाडी घेतली, तेव्हा हार घालायचा मान त्यांचा होता. मार्केट यार्डात जायचं म्हटलं की सुनीलचा टेम्पो सोडून ते आमच्या मारुतीत बसायचे आणि यार्डाच्या फाटकातच उतरायचे, म्हणजे सगळ्यांना दिसावं. पण गोष्ट एवढीच नव्हती. त्यांच्या हृदयाची झडप खराब झाली होती आणि लांबचा प्रवास कायमचा बंद झाला होता. ते ताटाकडे बघत म्हणाले, "मी काय आता तिकडं येत नाय. गाडी येईल." गाडी विकायची नाही हे त्या क्षणी ठरलं, आणि ती नीट पोचवायची हा आप्पांच्या आयुष्यातला शेवटचा मोठा व्यवहार झाला.

आम्ही आधी मुंबई नाक्यावरच्या एका ऑफिसात गेलो. मोठी कंपनी, काचेचं दार, आत गारवा. बंद कंटेनरमधून गाडी जाणार, आत तिला पट्ट्यांनी बांधणार, विमा उतरवणार. मी तर तिथेच होकार देऊन मोकळी झाले असते. टेबलामागची मुलगी नम्रपणे एकेक अट सांगत होती. गाडीची किल्ली कंपनीकडे द्यायची, टाकी जवळपास कोरडी करायची, आणि गाडी पूर्ण रिकामी हवी, आत एक पिशवीसुद्धा चालणार नाही. आप्पांनी विचारलं, का बरं? ती म्हणाली, नियम आहे. आप्पा उठले आणि टोपी घालून दाराकडे चालू लागले. बाहेर आल्यावर मी चिडून विचारलं की यात वाईट काय होतं. ते म्हणाले, "लेकीच्या दारात रिकामी गाडी धाडू का मी?"

ज्यांना हे हसण्यावारी न्यावंसं वाटेल त्यांच्यासाठी सांगते. आमच्या घरात शेजारणीची वाटीसुद्धा रिकामी परत जात नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर घालतात. लेक सासरी निघाली तर तिच्या पिशवीत मळ्यातलं काही ना काही असतंच. माझ्या लग्नानंतर मी कॉलेजरोडला राहायला गेले, माहेरापासून रिक्षाच्या अंतरावर, तरी दर खेपेला आप्पा मेथीच्या जुड्या आणि फ्लॉवर असं काही द्यायचे की रिक्षावाला मला भाजीवाली समजून बोलायचा. तेव्हा मला लाज वाटायची. पुढे गुवाहाटीत मोजून पाव किलो भाजी घेताना त्या जुड्या आठवायच्या.

दुसरा माणूस आडगाव नाक्यावरचा दलाल. सामान ठेवा, नका ठेवू, किल्ली द्या, नका देऊ, त्याला सगळंच चालत होतं. आप्पांनी त्याला पाच मिनिटांत निकालात काढलं. म्हणाले, हा विचारायच्या आधीच हो म्हणतो.

आणि मग आम्ही गेलो भिकाशेठकडे. आधी त्यांच्याकडेच जायचं होतं, मधली ऑफिसं माझ्या समाधानासाठी होती, हे मला तिथे पोचल्यावर समजलं. भिकाशेठ आमच्या मळ्याची भाजी वर्षानुवर्षं मुंबईला आणि सुरतेला नेत आले होते. टायरच्या दुकानासमोर खाट टाकून बसायचे, हेच त्यांचं ऑफिस. त्यांच्या कांद्याच्या ट्रक आता पार आसामपर्यंत जात होत्या. गाडी त्यांनी कधी नेली नव्हती, एकदा ट्रॅक्टर नेला होता. पुढे कांद्याच्या गोण्या, मागे मारुती, चाकांना ठोकळे, वर ताडपत्री. किल्ली नको. मी आप्पांच्या कानाशी म्हटलं की ही भाजीची गाडी आहे. ते मोठ्यानेच म्हणाले, "ज्यानं माझा टमाटा कधी सडू दिला नाय, तो गाडीचं काय वाईट करील?"

दराचं बोलणं झालंच नाही. आप्पांनी फक्त विचारलं, किती दिवस. भिकाशेठ बोटांवर गावं मोजत गेले, नागपूर, रायपूर, सिलिगुडी, आणि म्हणाले, आठवडा, फार तर दहा दिवस. आप्पांनी पुन्हा विचारलं, नक्की? शेठ म्हणाले, नक्की. मला वाटलं, आजारी माणूस आहे, काळजीने विचारतोय. त्यांच्या मनात कसला हिशेब चालला होता ते मला कळलं नाही, मळ्यात वाढूनही.

आम्ही निघालो त्यानंतर आठवड्याभरात गाडी ट्रकमध्ये चढली. गाडीची एक किल्ली माझ्याजवळ, दुसरी आप्पांच्या खुंटीला. सुनीलने फोन करून सांगितलं, निघाली. आप्पाही बोलले, पण दम लागत होता. म्हणाले, नीट उतरवून घे. मी म्हटलं, हो. नव्या घरात फोन नुकताच लागला होता, सारखं बोलणं परवडत नव्हतं, मी ठेवून दिला.

पुढे पूर आला. उत्तर बंगालात कुठेसा पूल वाहून गेला आणि ट्रकच्या रांगा लागल्या. भिकाशेठला ड्रायव्हरचा फोन आला तो एवढाच, की उभे आहोत, कधी सुटू माहीत नाही. आणि त्या रांगेत आमची मारुती उभी असताना एका सकाळी सुनीलचा फोन आला की आप्पा गेले. पुरामुळे तिकीट मिळालं तेच तिसऱ्या दिवशीचं, गुवाहाटीहून विमानाने कोलकाता, तिथून मुंबई, तिथून टॅक्सी. मी पोचले तोवर सावडणं होऊन अस्थी रामकुंडात गेल्या होत्या. सुनीलवर मी डाफरले की थांबला का नाहीस. तो बिचारा काय करणार. मला तोंड बघता आलं नाही, पाणी पाजता आलं नाही, माझ्या हातून बापाचं काही म्हणजे काही झालं नाही. दाराशी चपला काढताना आत भजन चाललं होतं आणि मला ओरडून सगळ्यांना गप्प करावंसं वाटत होतं.

आईने मला संध्याकाळी सांगितलं. गाडी जायच्या दिवशी आप्पा पहाटे उठून टोमॅटोच्या सरीत गेले होते. सुनीलला हात लावू दिला नाही. एका हाताने बांबू धरायचे, दम खायचे आणि दुसऱ्या हाताने एकेक फळ उलटं करून बघायचे. ज्याच्या बुडाला नुसती पिवळी झाक आली असेल तेवढंच तोडायचं. लांबच्या बाजारासाठी आमच्याकडे असंच तोडतात, म्हणजे माल पोचता पोचता लाल होतो. मागच्या सीटवर कागद घालून त्यांनी चार कॅरेट, त्या जाळीदार प्लास्टिकच्या पेट्या, भरून रचली होती. पुढच्या सीटवर आईने माझी ओटी ठेवली होती, खण, नारळ आणि तांदूळ. आप्पा म्हणाले होते, दार उघडंल तव्हा लालबुंद दिसतील.

आई सांगत होती आणि घरातले सगळे खाली बघत होते. सुनील, त्याची बायको, चुलते, सगळे भाजीवाले. बुडाला पिवळा असलेला टोमॅटो किती दिवसांत लाल होतो आणि त्यापुढे बंद गाडीत, भर उकाड्यात त्याचं काय होतं, हे त्या घरात कुणाला शिकवावं लागत नाही. दशक्रियेच्या दिवशी घाटावर बसले असताना माझ्या मनात तेच, लाल होऊन आता ते मऊ पडले असतील. तेराव्याला पंगती उठत होत्या तेव्हा मला कळत होतं की आता संपलं. सगळ्यांनाच कळत होतं. किल्ली माझ्या पर्समध्ये होती आणि ट्रक कुठल्या शिवारात उभी आहे हे भिकाशेठलाही सांगता येत नव्हतं.

मोठ्या कंपनीचा कंटेनरही त्याच पुलाअलीकडे थांबला असता, हे मी स्वतःला अनेकदा सांगितलंय. पण आतली गाडी रिकामी असती.

मी गुवाहाटीला परतल्यावर काही दिवसांनी ट्रक आली. शहराबाहेरच्या अड्ड्यावर हे आणि मी गेलो. फळ्या लावून ट्रकवाल्यांनी मारुती खाली घेतली. तिला कुठे ओरखडा नव्हता. काचा मात्र आतून धुरकट झाल्या होत्या आणि दाराखालून काळपट पाणी टपकत होतं. ड्रायव्हर नाकाला रुमाल लावून लांब उभा राहिला. मी किल्ली लावून दार उघडलं. त्या वासाचं वर्णन करत नाही. कॅरेटच्या जाळीतून सगळं खाली ओघळून सीटमध्ये मुरलं होतं, वर पांढरी बुरशी, आणि चिलटांचा ढगच्या ढग बाहेर आला. ओटीच्या तांदळाला किडे लागले होते.

हे म्हणाले, दोन माणसं लावू, तू घरी जा. ह्यांचा फोन गेला तशा शेजारच्या बरुआ बायदेउ, म्हणजे इकडच्या बोलीत थोरली ताई, फिनेलची बाटली आणि त्यांची मोलकरीण घेऊन आल्या. मी कुणालाही हात लावू दिला नाही. पदर खोचला आणि ओंजळीओंजळीने काढत राहिले. काही फळांची सालं शाबूत होती, बोट लागलं की फुटायची. कॅरेटच्या तळाला आप्पांनी घातलेले नाशिकच्या पेपरचे कागद लगदा झाले होते, तेही नखांनी खरवडले. रडू येत नव्हतं. भयंकर राग येत होता, पुराचा, भिकाशेठच्या बोटांचा आणि आप्पांचाही. नुसती गाडी पाठवली असती तर काय बिघडलं असतं? दुपार कलली तेव्हा सीटचा रंग दिसायला लागला.

घरी येऊन मी तशाच हातांनी फोन लावला. आईने विचारलं, गाडी पोचली का. मी म्हटलं, पोचली.

"टमाटे?" तिने विचारलं.

"सडले, आई. सगळे."

"काढले कोणी?"

"मी. माझ्या हातांनी."

"दुसऱ्या कोणाचा हात लागला का?"

"नाही."

"मंग झालं तुझं," आई म्हणाली. "त्यांचं तुझ्या हातचं राहिलं व्हतं, ते झालं. आता डोक्यावरून आंघोळ कर, मंगच घरात कशाला शिव."

मी न्हाणीघरात गेले. भाड्याचं घर, गळका नळ, बादलीत गढूळ पाणी. मसणातून आलेल्या माणसासारखी, लुगड्यासकट डोक्यावरून तांब्या ओतला आणि मग पहिल्यांदा मोठ्याने रडले. बाहेर मुलगी दार वाजवत होती, ह्यांनी तिला उचलून नेलं. आज सात-आठ वर्षं झाली, आम्ही याच घरात आहोत. घर कुठलं म्हणून कुणी विचारलं की मी नाशिक सांगते आणि ते खोटं नाही. मखमलाबादला आई आहे, सुनील आहे, मळा आहे. पण तिथे मी पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. माझ्यापुरते आप्पा गेले ते इथे, या न्हाणीघरात. ह्यांची बदली पुन्हा येऊ घातली आहे, परवा घरमालक विचारायला आला होता की जागा कधी सोडता. मी त्याला म्हटलं, ह्यांना विचारा, आणि न्हाणीघराचं दार ओढून घेतलं.