जिथे कुणी बुडत नाही, त्या गावाची गोष्ट

२०२५ साल. वसंता अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होता. भाद्रपदातल्या त्या दुपारी मी पडवीत फाटलेलं जाळं शिवत बसलो होतो. त्याची सून आली आणि उंबऱ्याशीच थांबली. "काका, बाबा गेलं..." एवढंच बोलली. माझ्या हातातली सुई तशीच राहिली.

थळच्या कोळीवाड्यात आम्ही एकत्र वाढलो. मी चौथीत शाळा सोडून होडीवर गेलो, पुढे होडीचा नाखवा झालो. तो शिकला, अलिबागला नोकरीला लागला आणि दिवाळी अंकांत विज्ञानकथा लिहू लागला. सगळ्या कथा एकाच गावच्या, शंभर-दोनशे वर्षांनंतरच्या थळच्या. तिथे वादळ आधीच कळतं, मासळी आटत नाही, कुणी उपाशी नाही, आणि दर्यात कुणीही बुडत नाही. गोष्ट लिहून झाली की पहिल्यांदा मला वाचून दाखवायचा. छापणारे नंतर.

मला त्या गोष्टी कधी पटल्या नाहीत, आजही पटत नाहीत. तोंडावर सांगायचो, "वसंता, तुझ्या गावात समदं ब्येस हाय. मग सांगायचं काय? भांडानच न्हाय, तर नळावर बायका बोलतील तरी काय?"

"नाखवा, तुला गोष्टीत एक तरी मडं लागतंच."

"लागतं. होडी येणारच हे ठाव असलं, तर किनाऱ्यावर उभा कोण ऱ्हाईल?"

यावर तो कागद गोळा करायला लागायचा... आम्ही पोरं असताना त्याचा थोरला भाऊ दर्यात गेला, तो आलाच नाही. होडी यायच्या वेळेला घरातल्या कुणीतरी किनाऱ्यावर असायचं, ही आमच्याकडची रीत. त्याची आई पुढे कितीतरी वर्षं जाऊन उभी राहायची. कुठल्याच आईला असं उभं राहावं लागू नये, असं गाव वसंता जन्मभर बांधत होता. कळत होतं मला. पण गोष्ट ती गोष्ट, तिथे मी मित्राचंही ऐकत नाही.

शेवटचं भेटलो तेव्हा तो खाटेला खिळला होता. तरी डोळे मिचकावून म्हणाला, "नवीन गोष्टीत तुझं ऐकलंय, नाखवा. त्याच गावात एक म्हातारा हाय. समद्या होड्या येणारच, हे त्याला ठाव हाय. तरी रोज किनाऱ्यावर जाऊन उभा ऱ्हातो."

"कशापायी?"

"तेच सापडत न्हाय. तू सांग."

"येडा असंल."

तो हसला, हसता हसता खोकला लागला. सुनेने पाणी दिलं. "विचार कर रं," म्हणाला. मी कसला विचार करतोय! पुढच्या खेपेला पुन्हा भांडू, असं धरून चाललो होतो... ती खेप आलीच नाही. आता दिवाळी अंक निघतील, त्यांत वसंताचं गाव नसेल. त्या गावाला नावं ठेवायला मी मात्र आहे.

माझ्या मुलाच्या होडीवर आता वाट दाखवणारं यंत्र आहे. किनारा जवळ आला की मोबाइलही लागतो. म्हणून मी बंदरावर जाणं कधीच सोडून दिलं होतं. वसंताला पोचवून आलो, तेव्हा मुलगा दर्यातच होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला, "बाबा, समदं बरं हाय. पोचतोच. आयेला चाय टाकायला सांग."

चहाचं घरात सांगितलं, सदरा अंगात घातला, आणि किनाऱ्यावर जाऊन उभा राहिलो.