परसातली लिंबोणी

आमच्या ओट्याखाली जर्मनचे, म्हणजे ॲल्युमिनियमचे, एक जुने पातेले ठेवलेले असते. तांदूळ, डाळ आणि भाजी धुतलेले पाणी त्यात जमा होते. साबणाचे पाणी त्यात जाऊ द्यायचे नाही, हा त्याचा एकमेव नियम. साबणाचे पाणी न्हाणीतून पाटाने केळी आणि अळूकडे जाते. पिण्याचे पाणी शुद्ध करणारे यंत्र जे पाणी बाहेर टाकते, ते बादलीत धरून आम्ही फरशी पुसतो. त्यात क्षार अधिक असतात, म्हणून ते झाडांना द्यायचे नाही. या व्यवस्थेत अवघड असे काहीच नाही. शाळेत लहान मुलांना मी ती एका तासात समजावून सांगत असे. माझ्या स्वतःच्या घरात ती लागू होण्यासाठी मात्र माझी नोकरी संपावी लागली आणि एक लिंबोणी मरणाच्या दारात जावी लागली.

माझे माहेर म्हसवडच्या बाजूचे, मेंढरांमागे फिरणाऱ्या घरातले. आई मला मोठ्या परातीत उभी करून आंघोळ घालीत असे. परातीतले पाणी अंगणात सड्याला जाई, भाजी धुतलेले पाणी शेळ्यांपुढे आणि पाहुण्याने तांब्यात ठेवलेले पाणी तुळशीला. याला आमच्याकडे काही नाव नव्हते. घागर लांबून डोक्यावर येते, एवढे कारण सर्वांना पुरत असे.

लग्न होऊन मी पलूसजवळच्या या उसाच्या गावात आले. पहिल्याच सकाळी परसात मोटारीचा पाइप मोकळा वाहताना दिसला आणि मी भरल्या हिरव्या चुड्याच्या हाताने तो बंद करायला उठले. माझ्या थोरल्या जाऊबाई हातातले काम टाकून हसू लागल्या.

"अगं, ऱ्हाऊ दे की! नदी काय आटती व्हय? दुष्काळातनं आलीयास, जरा डोळं भरून बघ तरी."

मी खाली बसले. त्या बोलण्यात टोचणी होती. पण पुढे सगळ्या नोकरीभर माझा डबा याच जाऊबाईंनी भरला, आणि मी शाळेत असताना माझ्या मुलींच्या वेण्याही त्यांनीच घातल्या. परस त्यांचे आणि शाळा माझी, अशी वाटणी न बोलता ठरली होती. परसातल्या पाण्याविषयी मी पुन्हा शब्द काढला नाही.

लिंबोणी जाऊबाईंच्या मुलाने लावलेली. सैन्यात भरती होऊन तो प्रशिक्षणाला निघाला, त्याच्या आदल्या दिवशी त्याने खड्डा खणून रोप ठेवले. आता तो सीमेवर असतो. सुट्टी संपवून परत निघाला की त्याच्या ट्रंकेत त्याच झाडाच्या लिंबांच्या लोणच्याची बरणी जाते. जाऊबाई देवभोळ्या नाहीत, पण या झाडाच्या बाबतीत त्यांचे मन वेगळे चालते. मुलाचा फोन आठ-दहा दिवस आला नाही, तर त्या परसात जाऊन झाडाकडे पाहून येतात आणि म्हणतात, "लिंबोणी बरी हाय, म्हंजी त्यो बी बरा असंल."

गेल्या दिवाळीनंतर ही लिंबोणी पिवळी पडू लागली. आमच्या उसाच्या मुलखात पान पिवळे पडले की पहिला उपाय पाणी आणि दुसरा उपाय आणखी पाणी. आमच्याच खालच्या रानाचा एक कोपरा अति पाण्याने क्षार वर येऊन पांढरा पडला आहे, तिथे आता गवतही धड उगवत नाही. हे रोज डोळ्यांसमोर असूनही हात मोटारीच्या बटणाकडेच जातो. जाऊबाईंनी सकाळी पाइप झाडाच्या बुंध्याशी ठेवला, की तो दुपारपर्यंत तिथेच असे. पाने आणखी पिवळी होत, मग पाइप संध्याकाळपर्यंत राहू लागला.

अशातच एका रविवारी मुलाचा व्हिडिओ कॉल आला. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर तो म्हणाला, "आई, लिंबोणी दाव की. किती दिस झालं बघितली न्हाई."

जाऊबाईंनी फोन घेतला, परसात गेल्या आणि तो कढीपत्त्यासमोर धरला. "ही बघ. कशी हिरवीगार हाय!"

"आई, फोन हलतोय. नीट धर की. ह्यो कढीपत्ता न्हाई व्हय?"

"रेंज न्हाई रं हितं," असे म्हणून जाऊबाईंनी फोन बंद केला आणि त्या धुण्याच्या दगडावर बसल्या. थोड्या वेळाने मला म्हणाल्या, "ही गेली तर त्याला काय सांगू गं मी?"

इतक्या वर्षांत परसातल्या गोष्टीविषयी त्यांनी मला प्रथमच काही विचारले होते. मी खुरपे घेतले आणि बुंध्यापासून हातभर अंतरावर माती उकरली. वर पापुद्रा, खाली चिखल. चिखलाला कुजका वास येत होता आणि बारीक मुळ्या बोटात धरताच त्यांची साल निसटत होती. म्हसवडकडे माझा भाऊ आता मेंढरे कमी करून डाळिंबे पिकवतो. मी त्याला फोन लावला आणि जाऊबाईंना ऐकू यावे म्हणून आवाज मोठा केला.

"ताई, मुळी कुजाय लागलीया तिची," भाऊ म्हणाला. "पानी तोड. पाक तोड. आमी डाळिंबाला ताण देतो का न्हाई, तसा दे. पानं गळत्याली, भिऊ नगा."

बहार येण्याआधी झाडाचे पाणी काही काळ मुद्दाम बंद ठेवतात, त्याला ताण देणे म्हणतात. कोरड्या मुलखातल्या शेतकऱ्याला ते सवयीचे. आमच्याकडे ते ऐकूनच जाऊबाईंचा चेहरा उतरला.

"आजारी लेकराचं पानी तोडायचं? तुज्या माहेरात अशीच रीत हाय व्हय, मास्तरीणबाई?"

"आक्का, ती तहानलेली नाही, बुडते आहे. तुम्ही स्वतः हात घालून बघा."

त्यांनी खड्ड्यात हात घातला. बराच वेळ तो तिथेच ठेवला. मग वास घेतला आणि म्हणाल्या, "खालच्या रानावानी वास येतोय." त्यांनी उठून पाइप गुंडाळला आणि खुंटीला टांगला. मला एवढेच म्हणाल्या, "वाळली तर फोनवर तूच बोलायचं."

पुढचे दिवस सोपे नव्हते. पाने खरोखरच गळाली. रोज सकाळी जाऊबाई ती झाडून काढीत आणि माझ्याकडे न बघता चहा ठेवीत. मीही मनातून घाबरले होते. फळ्यावर लिहून दाखवण्यात आणि दुसऱ्याच्या जिवाभावाच्या झाडावर करून पाहण्यात किती अंतर आहे, ते मला तेव्हा कळले. ज्या रविवारी फोन यायचा, त्या रविवारी जाऊबाई आधीच शेजारी जाऊन बसत.

माती भुरभुरीत झाली तेव्हा भावाच्या सांगण्याप्रमाणे आम्ही बुंध्याला मातीची भर दिली आणि आळे बुंध्यापासून दूर, फांद्यांच्या घेराखाली केले. त्या सुमारास आमचा ऊस तुटून गेला होता. तोडणीनंतर रानात पडलेले पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, पेटवून द्यायची इथली रीत. थोरले दीर काडेपेटी घेऊन निघाले होते. जाऊबाईंनी त्यांना अडवून दोन भारे लिंबोणीसाठी मागून घेतले आणि आळ्यात अंथरले. दीर म्हणाले, "झाडाला गोधडी घालताय व्हय?" पण जाता जाता त्यांनी बांधाकडची एक पट्टी न पेटवता ठेवली, तिथे ओल किती टिकते ते त्यांना पाहायचे होते. मग मी ओट्याखाली ते जर्मनचे पातेले ठेवले. लिंबोणीला एक दिवसाआड तेवढेच पाणी, पाइप नाही.

थंडी ओसरू लागली, तशी एका सकाळी परसातून हाक आली. "अगं, हिकडं ये! पळत ये!" उघड्या काड्यांवर डोळे फुटले होते, तांबूस, मोहरीएवढे. काही दिवसांत पालवी आली आणि पालवीच्या बगलेत कळ्या. जाऊबाईंनी माझा हात घट्ट धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मला त्या क्षणी परातीतले ते पाणी आणि ते सड्यासाठी उचलून नेणारी आई आठवली. जे मी गरिबी समजून मागे टाकून आले होते, ते देण्यासारखे होते. आणि ते घ्यायला जाऊबाईंनी आपले सर्वांत प्रिय झाड माझ्या हाती दिले. या दोघींचे ऋण मी मानते.

त्या रविवारी जाऊबाई शेजारी गेल्या नाहीत. फोन येताच त्यांनी तो थेट लिंबोणीच्या फांदीत धरला.

"आयला, फुलं!" पलीकडून मुलगा ओरडला. "लय पानी घातलंस व्हय, आई?"

"पान्यानं न्हाई रं. तुज्या काकीनं उपाशी ठिवली तिला."

तो हसला, मग म्हणाला, "मागल्या बारीला तू कढीपत्ता दावलास, ते मला कळलं हुतं. पर मी काय बोललो न्हाई."

जाऊबाईंनी पदराने डोळे पुसले आणि रेंज गेल्याचे पुन्हा कारण दिले. मग आत जाऊन त्या पातेले घेऊन आल्या. ते डाळ धुतलेल्या पाण्याने काठोकाठ भरले होते.

"मास्तरीणबाई, वतू का आज? का अजून उपास हाय?"

मी पाचट बाजूला सारून मातीत बोट घातले. ओल होती. "उद्या, आक्का," मी म्हणाले.

त्यांनी पातेले जपून उचलले आणि पुन्हा ओट्याखाली नेऊन ठेवले.