एकेचाळिसावी पुडी

आमच्या घरातल्या कुणीही समुद्र पाहिलेला नाही, आणि मी पीएचडी करत होते ती खाडीच्या चिखलावर. आमच्या गावात, रिठदमध्ये, हे सांगायचं म्हणजे पंचाईतच. शेजारच्या काकू विचारायच्या, "चिखलाचं काय शिकतेत वं बाई?" मी सुरुवातीला उत्साहानं सांगायचे, की त्यात रव्याच्या कणाहून बारीक जीव असतात, एका पेशीचे, फोराम म्हणतात त्यांना, आणि ते स्वतःभोवती कवच बांधतात. काकू मान डोलवायच्या आणि म्हणायच्या, "मंग नोकरी कवा?" पुढे पुढे मी फक्त "दगडमातीचं शिक्षण" एवढंच सांगायला लागले.

त्या वर्षी आमच्या विभागाचं छप्पर गळायला लागलं आणि प्रयोगशाळा दुरुस्तीसाठी बंद झाली. प्रबंध द्यायला चार महिने उरले होते. मी साठ पुड्या, एक चाळणी आणि एक उसना मायक्रोस्कोप घेऊन घरी आले. कोकणातल्या एका खाडीच्या काठावर नळी ठोकून साठ सेंटीमीटर चिखल काढला होता, त्याच्या एकेका सेंटीमीटरची एकेक पुडी. एक नंबर सगळ्यांत वरची, साठ नंबर सगळ्यांत जुनी. दुसरी प्रत कशाचीच नव्हती.

मला एका जागी बसवत नव्हतं. टेबल आधी ओसरीत मांडलं, तिथे येणारे-जाणारे डोकवायचे. मग मधल्या खोलीत नेलं, तिथे उजेड नव्हता. मग स्लॅबवर पत्र्याखाली, तिथे वाऱ्यानं दोन दिवसांच्या मोजणीचे कागद उडवले. लाइन गेली की चिडायचे, आली की उशिरा आली म्हणून चिडायचे. टेबलाचं दुसरं टोक धरून बाबा निमूट माझ्यामागे फिरायचे.

बाबा पाटबंधाऱ्यात होते, तलावावरचे चौकीदार. नोकरी सगळी तिथेच गेली. उन्हाळ्यात तलाव आटला की गावोगावचे ट्रॅक्टर गाळ न्यायला यायचे, आणि कुठला गाळ चांगला हे लोक बाबांनाच विचारायचे. बाबा मूठभर उचलून बोटांत चोळायचे. मऊ लागला तर "न्या", खरखरीत लागला तर "रेती हाये, वावर खराब होईन". निवृत्त झाल्यावरही त्यांच्याकडे माणसं येत. आता ते रोज माझ्यापासून चार हातांवर खुर्ची टाकून बसायचे आणि मी काय करते ते बघायचे.

मी काय करत होते? पुडी भिजवायची, चाळणीत ओतायची, वरून पाण्याची बारीक धार सोडायची. मऊ चिखल खाली वाहून मोरीत जायचा. चाळणीत रेतीसारखी भरड, चिमूटभर खर उरायची, ती वाळवायची. त्या खरीतच कवचं असतात. बाबांच्या चेहऱ्यावर काहीतरी चाललेलं मला दिसत होतं, पण विचारायला मला वेळ नव्हता. आणि खरं सांगायचं तर, त्यांना समजावून सांगायचा कंटाळाही होता.

चाळीस नंबरपर्यंत सगळी कवचं समुद्राच्या जातींची निघाली, चुन्याची, पांढरीशुभ्र. मी घाईनं बेचाळीस नंबर उघडली, तर त्यात निमखाऱ्या पाण्यातली, वाळूचे कण चिकटवून केलेली तपकिरी कवचं. म्हणजे त्या खाडीत समुद्र घुसला तो बरोबर एकेचाळीसमध्ये. एकदम घुसला की हळूहळू, हे ती एक पुडी सांगणार होती. माझ्या प्रबंधाचा सगळा जीव त्या एका सेंटीमीटरमध्ये होता. मी एकेचाळीस भिजत घातली, आणि माझ्या मार्गदर्शक सरांना फाइल पाठवायची म्हणून रिसोडला गेले, कारण गावात नेट रांगत होतं.

परत आले तेव्हा बाबा दारातच उभे होते, खुशीत.

"तुही पुडी धुतली म्या. पाय, कसा गाळ निंगाला."

ताटलीत मऊसूत, करड्या चिखलाची वडी वाळत होती. वर माझ्या अक्षरातली चिठ्ठी, ४१, आणि उडू नये म्हणून तिच्यावर खडा. त्यांनी चिखलाचं पाणी बादलीत धरलं होतं, निवू दिलं होतं, वरचं नितळ पाणी अलगद ओतून टाकलं होतं. इतकं नीट काम मीही केलं नसतं.

"चाळणीतलं कुठे हाये?" मी विचारलं.

"रेती? ते फेकली आंगनात."

मी अंगणाकडे वळले. आई मघाशीच अंगण झाडून, पाणी शिंपडून मोकळी झाली होती.

"काहून फेकली?"

"अवं, तू रोज गाळ मोरीत सोडून राह्यली, अन् रेती पुडीत बांधून राह्यली. मले वाटलं, पोरगी चुकून राह्यली. कोनी पाहीन तं हासन."

तेव्हा मी जे बोलले ते मला आजही ऐकू येतं. "तुमाले काय कळते यातलं? तलावावर काठी घेऊन बसनं हाये काय हे?" आई चुलीपाशी थबकली. बाबांनी ताटली उचलली, कुठे ठेवावी ते सुचेना म्हणून पुन्हा तिथेच ठेवली.

मी अंगणात गुडघ्यांवर बसले. झाडलेली माती, कोपऱ्यातला केर, मोरीच्या तोंडाशी साचलेलं, सगळं गोळा करून धुतलं. मायक्रोस्कोपखाली काळ्या दगडाचे कण, गव्हाचा कोंडा, मुंगीचा पाय. दोन दिवस बघत होते. सात कवचं सापडली, पाच पांढरी, दोन तपकिरी. एका पुडीतून तीनशे मोजायची आमची रीत.

सातांवरून तीनशे करायला फार डोकं लागत नाही. दोनशे चौदा आणि शहाऐंशी. मी आकडे भरलेसुद्धा. तक्ता इतका देखणा दिसू लागला, की मी उठून घरभर फेऱ्या मारायला लागले. परत येऊन ओळ पुसली. पुन्हा भरली. दुपारपर्यंत असा खेळ चालला. कुणाला कळणार होतं? शेवटी पुसली, आणि तिथे "नमुना नष्ट" असं लिहून लॅपटॉप बंद केला. सरांनी फोनवर नुसता सुस्कारा सोडला. निष्कर्षातलं ते पान गेलं ते गेलंच.

तीन दिवस बाबा खुर्ची घेऊन आले नाहीत. चौथ्या दिवशी मीच त्यांना बोलवायला गेले. ते मागच्या दारी बसले होते. "या, दाखवते तुमाले," म्हटलं. ते म्हणाले, "राहू दे, तुह्या कामात खोटी होईन." मी हात धरून आणलं.

महिनाभर माझ्यापासून चार हातांवर बसलेल्या माणसाला मी एकदाही मायक्रोस्कोपमध्ये डोकावू दिलं नव्हतं. याची शरम त्या क्षणी वाटली, आणि चांगलीच वाटली.

चाळीस नंबरची खर चौकोन आखलेल्या काळ्या तबकडीत पसरलेली होती. बाबांनी चष्मा काढला, एक डोळा मिटला. मी चाक फिरवत राहिले. एकदम ते आणखी खाली वाकले.

"हे... हे तं बांधलेलं हाये, बाई. खोल्या हायेत याले."

"हो. एकेक खोली वाढवत नेते तो."

ते बराच वेळ बघत राहिले. मान न उचलता म्हणाले, "म्या फेकले, त्याच्यात किती होते असे?"

"नव्हते काही फारसे," मी म्हटलं. "पंधराएक असतीन."

त्यांचा डोळा नळीलाच होता. ओठ हलत होते. मला वाटलं, पटलं त्यांना. मग त्यांनी डोळा बाजूला केला आणि माझ्याकडे पाहिलं.

"एका चौकोनातच अकरा हायेत," ते म्हणाले. "मंग मले काहून खोटं सांगून राह्यली?"