पैलवानाची पाठ आणि फर्स्ट एडची परीक्षा

दातांच्या दवाखान्यात एक डबा असायचा. उपटलेला दात त्यात टाकायचा. कोणी हौसेनं जमवत नव्हतं, पण डबा रिकामा करायलाही कोणी उठत नव्हतं, आणि एक दिवस त्याचं झाकण बसेनासं व्हायचं. किश्शांचं तसंच आहे. माझं झाकण कधीच उडालंय. ऐकायचं तर ऐका, नाहीतर उठा. फक्त मधे जांभया देऊ नका. जांभई दिली की मला अजून माणूस दिसत नाही, त्याच्या दाढा दिसतात.

मी लक्ष्मण. मराठी चौथी नापास. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत बेळगावात गणपत गल्लीजवळ एका दातांच्या डॉक्टरकडं असिस्टंट होतो. आता माझ्या भावाची नात तेच काम शिकते. तिला पुस्तकं आहेत, पांढरा कोट आहे, फर्स्ट एडचा वेगळा पेपर आहे. आमच्याकडं काय होतं? आमच्याकडं एक पैलवान होता.

खराखुरा पैलवान. शहापूरचा शिदाप्पा. घरात साड्यांचे माग, पण हा मागाच्या खड्ड्यात मावत नव्हता. गुडघा गेला म्हणून कुस्ती सुटली, पण सुटेपर्यंत एकदाही चीत झाला नाही. शिदाप्पाच्या पाठीला माती लागली नाही, हे सांगताना शहापूरची माणसं देवळात बोलल्यासारखी आवाज खाली आणायची. दुसरं कुठलंच काम त्याला येत नव्हतं. लढाईमुळं बधिर करायचं औषध मिळेना, म्हणून डॉक्टरांनी त्याला ठेवून घेतला. मी पायानं दात कोरायचं मशीन चालवायचो आणि तो पेशंटचं डोकं धरायचा. त्यानं धरलेलं डोकं कधी हललं नाही. दाढ दुखते म्हणून आलेला माणूस मान दुखते म्हणून परत यायचा, एवढंच.

*

निपाणीचे एक तंबाखूचे व्यापारी आले. भारदस्त जैन शेठ, मिशा अशा की दारातून आधी मिशा आत आल्या आणि मागून शेठजी. दाढ निघाली आणि शेठजी खुर्चीतच गार पडले. डॉक्टर हात धुवायला मागं गेलेले. तालमीत कोणी बेशुद्ध पडला की तोंडावर पाणी मारतात, ही पैलवानाची सगळी डॉक्टरकी. हाताशी भांडं होतं, त्यानं ते उचललं आणि मारलं तोंडावर.

त्यात कवळीचा साचा घ्यायला मी कालवून ठेवलेलं प्लास्टर होतं.

शेठजी शुद्धीवर आले, हे मान्य करावं लागेल. पण प्लास्टर कोणासाठी थांबत नाही. पाणी झालं, तेल झालं, चिमटा झाला, शेवटी समोरच्या न्हाव्याला बोलावलं. मग शेठजींनी आरसा मागितला आणि बराच वेळ त्यात बघत बसले.

"दात काढाय आलतो," ते शांतपणे म्हणाले. "तुमी मिशी काढून पाठवालाय. आता घरात शिरताना कोण आलंय म्हणून सांगू?"

शेठजींची गाडी वळायच्या आत डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर उभं केलं. उद्यापासून फर्स्ट एडच्या क्लासला जायचं. पास झालात तर दवाखान्यात पाय ठेवायचा, नाही तर रस्त्यावरूनच नमस्कार करून पुढं जायचं.

*

क्लास कॅम्पातल्या एका शाळेत. बॉम्ब पडतील म्हणून असले क्लास तेव्हा जागोजाग निघाले होते. बेळगाववर बॉम्ब टाकून कोणाला काय मिळणार होतं ते मला आजही कळलेलं नाही. आमचा वर्ग दातवाल्यांच्या असिस्टंटांचा. शिकवायला मिलिटरी हॉस्पिटलातला एक रिटायर जमादार. एका वाक्यात मराठी, हिंदी, कानडी तिन्ही वापरायचा आणि शिव्यांना चौथी भाषा राखून ठेवलेली.

वर्गात चिकोडीचा मलगौडा होता. त्याचा मालक आठवडी बाजारात चटई टाकून दात उपटायचा. मलगौडाचं काम शेजारी उभं राहून घासलेटचा रिकामा डबा बडवायचं. चटईवरच्या माणसाची बोंब रांगेतल्यांच्या कानावर जायला नको, एवढ्यासाठी.

पहिल्याच दिवशी जमादारानं त्याला उभा केला. "रोगी जोर से ओरडला. पहिलं काय करशील?"

"जोरात बडवीन," मलगौडा म्हणाला.

"आणि बेहोश झाला तर?"

मलगौडानं नीट विचार केला. "मग बंद करीन."

*

जबड्याचं बँडेज हा आमचा मुख्य विषय. हनुवटीखालून पट्टी घ्यायची, डोक्यावर गाठ मारायची. जमादार स्वतः स्टुलावर बसला आणि पैलवानाला म्हणाला, बांध. पैलवानानं बांधलं. गाठ मारताना सवयीनं गुडघा जमादाराच्या पाठीला लावला.

जमादाराचं तोंड बंद झालं. नुसतं बंद नाही, कुलूप लागलं. त्यानं हातवारे केले, आम्ही माना डोलावल्या. डोळे वटारले, ते तर तो रोजच वटारायचा. गाठ त्याच्याच्यानं सुटेना. शेवटी तो फळ्याकडं धावला आणि खडूनं इंग्रजीत मोठ्या अक्षरात काहीतरी लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या.

आमच्यात इंग्रजी कोणालाच येत नव्हतं. पण दोन रेघा आहेत म्हणजे महत्त्वाचं असणार, म्हणून आम्ही सगळ्यांनी ते पाटीवर उतरवून घेतलं. मलगौडा तर उठून म्हणाला, "सर, तुमी जरा बाजूला सरका की, दिसंना झालंय."

*

याच दिवसांत, दवाखान्याबाहेरचं काम म्हणून, डॉक्टर मला घेऊन खानापूरकडं गेले. गुंजीच्या आसपासचं एक लहान स्टेशन, नाव घेत नाही, बिचाऱ्या मास्तरांची नातवंडं असतील. मास्तरांची दाढ सुजलेली आणि स्टेशन सोडून बेळगावला येता येईना. म्हणून दोन गाड्यांच्या मधल्या वेळात, ऑफिसातल्या खुर्चीवरच दाढ काढायचं ठरलं.

दाढ निघाली, पण रक्त थांबेना. मी नवा नवा शिकलेलो, अंगात जोर. डॉक्टरांना म्हटलं, तुम्ही बसा, जबडा बांधणं आता माझं काम. पिशवीत बघतो तर पट्टी नाही. खुंटीला कापड होतं, ते ओढलं, हनुवटीखालून घेतलं, डोक्यावर झकास गाठ मारली. तेवढ्यात गाडीची शिट्टी झाली. मास्तर हिरवं निशाण घेऊन तसेच पळाले.

गाडी थांबायची नव्हती, पुढं जायची होती. पण ती ब्रेक करकचून लावत मास्तरांच्या नाकासमोर थांबली. मास्तर हिरवं हलवतात, ड्रायव्हर हलत नाही. मास्तरांच्या तोंडात कापूस, बोलता येईना. ड्रायव्हर खाली वाकला आणि अगदी अदबीनं विचारलं, "मास्तर, हातातलं खरं मानू, का डोक्यावरचं?"

खुंटीला लाल निशाण होतं, हे मला कोणी सांगायला नको होतं काय?

*

आता मुख्य भानगड. बुडालेल्या माणसाचा श्वास चालू करायचा तर त्या काळी पालथं झोपवून पाठ दाबायला शिकवायचे. जोड्या लावल्या. पैलवान पेशंट, मी डॉक्टर. पैलवान खुशीत पालथा झोपला. कुस्तीत खाली गेलेला पैलवान तसाच तर पडून राहतो. मी त्याच्यावर बसलो आणि कमरेवर दाब दिला. पुढचं मला दिसलं नाही. मी फळ्याखाली होतो आणि डोक्यावर डस्टर पडला होता.

"बुडालेला माणूस असं करत नाही," जमादार ओरडला.

"पाठीवर कोण बसलं की हात आपसूक जातुय, सर," पैलवान म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलं होतं. मला जास्त वाटलं होतं.

मग जमादार म्हणाला, आता याला उताणा करा. पैलवानानं दोन्ही हात जमिनीला रोवले. मलगौडा आला, दुसरे आले, सगळ्यांनी मिळून ओढला. इमारत हलली असती, तो हलला नाही.

"पाठ न्हाय टेकणार," तो जमिनीकडं तोंड करून म्हणाला. "बाकी काय बी करा. बँडेज बांधा, हात तोडा."

जमादारानं डोक्याला हात लावला. परीक्षेत पेशंट उताणाच लागतो, पालथ्या माणसाचा जबडा कोण बांधणार? आणि मार्क जोडीला मिळतात. पेशंट उताणा झाला नाही तर तो नापास, आणि त्याच्याबरोबर हा काटकुळाही नापास. काटकुळा म्हणजे मी.

*

परीक्षा रविवारी, शाळेच्या मैदानात, लोकांसमोर. नवी विद्या लोकांनाही दिसावी म्हणे. बातमी शहापुरात पोचली होती, आणि पोचता पोचता तिचं वेगळंच झालं होतं: दातांच्या दवाखान्यातला लक्ष्या शिदाप्पाला चीत करणार. सगळे माग बंद ठेवून माणसं आली. पुढच्या ओळीत त्याच्या तालमीचे वस्ताद, छत्री गुडघ्यांत धरून.

मैदानात शिरताना मी पैलवानाच्या विनवण्या केल्या. म्हटलं, "आण्णा, घटकाभर पाठ टेक. ही कुस्ती न्हाय. माझ्या घरात खाणारी तोंडं हाईत. तुझ्याबी हाईत."

तो म्हणाला, "लक्ष्या, मागावर बसता येत न्हाय मला. कुस्ती गेली. जवळ ऱ्हायलंय काय तर ही पाठ. ती बी देऊ?"

मी पट्टी काखेत मारली आणि त्याच्या मागनं चालू लागलो.

परीक्षक म्हणजे मिलिटरीचा गोरा डॉक्टर. उंच, लाल, डोक्यावर हॅट. तो इंग्रजीत बोलायचा आणि जमादार मराठीत सांगायचा. आमचा नंबर आला. प्रश्न असा: घर कोसळलं, वीट तोंडावर बसली, जबडा मोडला, माणूस बेशुद्ध. उताणा झोपवा आणि बांधा.

सतरंजी अंथरलेली. पैलवानानं वस्तादांकडं बघितलं. वस्तादांनी त्याच्याकडं बघितलं.

पैलवान सतरंजीवर बसला. मागं रेलला. आणि आडवा होता होता डोकं आणि टाचा जमिनीला लावून मधलं सगळं अंग वर उचललं. पुलाची कमान! खाली सापडलेला पैलवान पाठ वाचवायला हेच करतो. पंच खालून हात घालून बघतो. हात आरपार गेला तर माणूस चीत नाही.

तसाच राहिला. गुडघा गेलेला, त्यामुळं सगळं अंग थरथरत होतं. दात घट्ट आवळलेले, मानेच्या शिरा दोरखंडासारख्या, डोळे पांढरे. मी जबडा बांधायला घेतला. जमादारानं आकाशाकडं तोंड केलं होतं.

साहेब आला. वाकला. पैलवानाचं तोंड उघडायला गेला, उघडेना. पोटावर बोटानं ठोकलं, फळीवर ठोकल्यासारखा आवाज आला. साहेब मागं सरकला आणि म्हणाला, "टेटॅनस!"

"धनुर्वात," जमादार पुटपुटला.

मग साहेब खुलला. जबड्याची जखम म्हटल्यावर सगळ्यांनी नुसती पट्टी बांधली, म्हणाला, पण ती जखम चिघळून पुढं काय होतं ते कोणी दाखवलं नाही. आधी दातखीळ बसते, मग माणूस धनुष्यासारखा वाकतो. इतका हुबेहूब पेशंट त्यानं हॉस्पिटलातही बघितला नव्हता. एकदम माझ्याकडं वळला. अशा रोग्याचं काय करशील?

मी पैलवानाच्या हाताकडं बघितलं. बोटं आवळायला लागली होती, फळ्याखालचा तो दिवस मला आठवला. म्हटलं, "साहेब, आता ह्याला कुणी हात लावू नका. जवळ येऊन बोलू बी नका."

जमादारानं सांगितलं. साहेबानं माझा हात हातात घेऊन हलवला. बरोबर म्हणे, अगदी बरोबर, या रोगात हात लावला, आवाज झाला की झटका येतो. पास. दोघंही पास.

आणि मी नको नको म्हणत असताना लोकांना रोग नीट दिसावा म्हणून तो गुडघ्यावर बसला, कोटाची बाही वर केली आणि पैलवानाच्या पाठीखालून हात घातला. हात पलीकडच्या बाजूनं कोपरापर्यंत बाहेर आला. साहेबानं बोटं हलवून दाखवली.

वस्ताद उठले. छत्री वर केली. "न्हाय लागली!"

सगळं शहापूर उभं राहिलं. टाळ्या, शिट्ट्या, पागोटी हवेत. साहेबानं हात बाहेर काढला, उभा राहिला, डोक्यावरची हॅट काढली आणि चारी बाजूंना हळूहळू मान लववली.